कुत्रा खोकतोय? आधी कोणती लस, मग कोणती

पावसाळा सुरू झाला, की वस्तीत फिरताना आम्हाला हमखास एक प्रश्न विचारला जातो. "ताई, आमचा कुत्रा चार दिवस झाले सारखा खोकतोय. घशात हाड अडकलंय वाटतं. काय करावं?" विचारणारी आजी असते, शाळेतला मुलगा असतो, कधी रिक्षा चालवणारा दादा असतो. बहुतेक वेळा घरातल्या कोणीतरी तोवर कुत्र्याचा जबडा उघडून, बोट घालून, हाड शोधूनही पाहिलेले असते.

म्हणून या लेखातली पहिली गोष्ट हीच सांगतो. खोकणाऱ्या, ओकाऱ्या काढणाऱ्या किंवा लाळ गाळणाऱ्या कुत्र्याच्या तोंडात हात घालू नका. तो घरचा असो, गल्लीतला असो, दोन महिन्यांचे पिल्लू असो. का, ते पुढे सविस्तर येईल.

दुसरा प्रश्न हल्ली नव्याने ऐकू येतो. खासगी दवाखान्यात किंवा कुत्र्यांचे सामान विकणाऱ्या दुकानात कोणीतरी सांगते, "याला केनेल कफची लस द्या." लस काय, कशावर, किती जरुरीची, हे कोणी नीट सांगत नाही. महिन्याच्या पगारात घरभाडे, शाळेची फी आणि सिलेंडर बसवणाऱ्या घराने कुत्र्याच्या कोणत्या लसीवर आधी पैसे घालावेत, याचा हिशोब आज मांडू.

केनेल कफ म्हणजे काय

केनेल म्हणजे कुत्री ठेवायची जागा आणि कफ म्हणजे खोकला. जिथे पुष्कळ कुत्री दाटीवाटीने राहतात, तिथे हा खोकला एकाला झाला की सगळ्यांना होतो, म्हणून हे नाव पडले. आपल्याकडे केनेल नसले तरी दाटी आहेच. हातगाडीखाली एकत्र झोपणारी पिल्ले, एकाच भांड्यातले पाणी पिणारी गल्लीतली कुत्री, नसबंदीसाठी पकडून शेजारशेजारच्या पिंजऱ्यांत ठेवलेली कुत्री, दवाखान्याच्या रांगेतली कुत्री, या सगळ्यांत तो पसरतो.

हा एका जंतूचा आजार नाही. यात बोर्डेटेला ब्राँकिसेप्टिका नावाचा जिवाणू असतो, कुत्र्यांचा पॅराइन्फ्लुएन्झा विषाणू असतो, ॲडिनो विषाणूचा दुसरा प्रकार असतो आणि आणखीही काही जंतू असतात. कधी एकटा, कधी दोन-तीन मिळून. श्वासनळीच्या आत बारीक केसांसारखे तंतू असतात. ते सतत हलत राहून धूळ आणि जंतू बाहेर ढकलतात. बोर्डेटेला नेमका त्या तंतूंनाच चिकटतो आणि त्यांचे काम बंद पाडतो. झाडणाराच आजारी पडला की घाण साचते, तसे होते. मग कुत्रा खोकू लागतो.

खोकणाऱ्या कुत्र्याच्या तोंडा-नाकातून उडालेल्या थेंबांतून, उष्ट्या भांड्यातून, पट्ट्यावरून आणि आपल्या हातांवरूनही हा संसर्ग दुसऱ्या कुत्र्याकडे जातो. संसर्ग झाल्यापासून साधारण दोन दिवस ते दोन आठवडे या काळात खोकला दिसू लागतो. कुत्रा बरा वाटू लागल्यावरही काही आठवडे जंतू बाहेर टाकत राहू शकतो.

खोकला कोरडा, खरखरीत आणि जोराचा असतो. गळ्याला पट्टा ओढला गेला, कुत्रा धावला किंवा भुंकला की उबळ येते. उबळीच्या शेवटी ओकारी आल्यासारखे होते आणि थोडा पांढरा फेस पडतो. पाहणाऱ्याला वाटते, घशात काहीतरी अडकले आहे. पण उबळ थांबली की कुत्रा खातो, पाणी पितो, शेपूट हलवतो. धडधाकट मोठा कुत्रा एक ते तीन आठवड्यांत बहुधा बरा होतो. लहान पिल्ले, म्हातारी कुत्री आणि आधीच अशक्त असलेली कुत्री यांच्यात मात्र हाच आजार छातीत उतरून न्यूमोनिया होऊ शकतो आणि जिवावर बेतू शकतो.

खोकला सारखा, आजार वेगळा

खोकला दिसला की "केनेल कफ असेल, जाईल" असे म्हणून सोडून देता येत नाही. आणखी दोन आजार सुरुवातीला तसेच दिसतात, आणि ते दोन्ही जीव घेतात.

पहिला डिस्टेंपर. हा विषाणूचा आजार लस न दिलेल्या पिल्लांमध्ये फार पसरतो. यात खोकल्याबरोबर ताप असतो, डोळ्यांतून आणि नाकातून घट्ट पिवळा स्राव येतो, पिल्लू खाणे सोडते, उलट्या-जुलाब होतात. काही दिवसांनी अंग किंवा जबडा झटके देऊ लागतो, फिट्स येतात. त्यावर थेट औषध नाही. पुष्कळ पिल्ले दगावतात आणि वाचलेल्यांपैकी काहींचे झटके जन्मभर राहतात. डिस्टेंपर माणसांना होत नाही, पण गल्लीतली अख्खी पिल्लावळ तो संपवतो. त्याला अडवणारी चांगली लस उपलब्ध आहे.

दुसरा रेबीज, म्हणजे पिसाळणे. पिसाळलेला कुत्रा म्हटले की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे धावून येणारा, चावत सुटलेला कुत्रा येतो. पण रेबीजचा एक मुका प्रकारही असतो. त्यात कुत्रा कोपऱ्यात पडून राहतो, घसा आणि जबडा लुळा पडतो, तोंड उघडे राहते, लाळ गळते, पाणी प्यायला जातो पण गिळता येत नाही, भुंकण्याचा आवाज घोगरा होतो. घशात हाड अडकल्यासारखाच तो दिसतो. दया येऊन कोणीतरी त्याच्या तोंडात हात घालते. हाताला भेग असते, भाकरी थापताना भाजलेले असते, किंवा दात नुसता निसटता लागतो. रेबीजचा विषाणू लाळेत असतो आणि त्याला एवढी वाट पुरते. माणसात रेबीजची लक्षणे एकदा सुरू झाली की वाचवणारा उपचार जवळजवळ नाही. सुरुवातीची सूचना याचसाठी होती.

मग घरी ओळखायचे कसे? आम्ही एक साधी पाहणी सांगतो. कुत्रा खातो-पितो आहे का? गिळतो आहे का? ओळखीच्या माणसाला नेहमीसारखा ओळखतो आहे का? तिन्ही उत्तरे 'हो' असतील आणि फक्त कोरडा खोकला असेल, तर बहुधा केनेल कफ आहे. एकाचेही उत्तर 'नाही' असेल, किंवा डोळ्या-नाकातून पू, ताप, झटके असे काही असेल, तर हात न लावता जनावरांच्या डॉक्टरांना कळवा. मुलांना लांब ठेवा. शक्य असेल तर त्याला एका बंद जागेत राहू द्या. ही पाहणी लांबूनच करायची असते आणि ती डॉक्टरांच्या तपासणीच्या जागी चालत नाही.

लस काय करते

आम्ही नर्सिंगचे शिक्षण घेतले ते माणसांसाठी. पण लसीचे तत्त्व बाळाला आणि पिल्लाला एकच आहे. मेलेला किंवा दुबळा केलेला जंतू, किंवा त्याचा तुकडा, शरीराला आधी दाखवायचा. शरीर त्याची ओळख ठेवते. पुढे खरा जंतू आला की तयारी झालेली असते. म्हणूनच लस निरोगी असताना घ्यायची. खोकला सुरू झाल्यावर केनेल कफची लस दिली तर तो खोकला बरा होत नाही.

केनेल कफची लस वेगवेगळ्या प्रकारे मिळते. एक नाकात थेंब सोडायची, एक टोचायची, आणि काही देशांत तोंडात सोडायचीही. नाकातली लस जंतू जिथून शिरतो तिथेच पहारा बसवते, त्यामुळे तिचे संरक्षण काही दिवसांतच सुरू होते. टोचायच्या लसीचे पहिल्या वेळी दोन डोस काही आठवड्यांच्या अंतराने द्यावे लागतात. दोन्ही प्रकारांत दर वर्षी पुन्हा डोस लागतो. नाकात लस दिल्यावर दोन-चार दिवस शिंका किंवा हलका खोकला येऊ शकतो, त्याने घाबरू नये. नाकातली लस कधीही टोचायची नसते. त्यामुळे ती डॉक्टरांकडूनच घ्यावी, दुकानातून आणून घरी प्रयोग करू नये.

या लसीची मर्यादाही माहीत असावी. केनेल कफ अनेक जंतूंमुळे होतो आणि लस त्यांतल्या एक-दोन जंतूंवर असते. म्हणून लस दिलेल्या कुत्र्यालाही खोकला होऊ शकतो, पण तो बहुधा सौम्य राहतो. "लस दिली तरी खोकला झाला, म्हणजे डॉक्टरने फसवले" असे समजू नका.

आधी कोणती, मग कोणती

पशुवैद्यक शास्त्रात कुत्र्यांच्या लसींचे दोन गट करतात. काही प्रत्येक कुत्र्याला द्याव्यात अशा, आणि काही त्या कुत्र्याच्या राहणीप्रमाणे ठरवायच्या. आपल्या देशात क्रम असा लागतो.

पहिली, रेबीजची लस. तिला पर्याय नाही. ती कुत्र्याबरोबर घरातल्या मुलांनाही वाचवते. पैसे एकाच लसीपुरते असतील, तर ते हिच्यावर घाला.

दुसरी, डिस्टेंपर आणि पार्वो यांवरची एकत्र लस. पार्वोमध्ये पिल्लाला उलट्या आणि रक्ताचे जुलाब होतात आणि दोन-तीन दिवसांत ते मरू शकते. दवाखान्यात 'सेव्हन इन वन' किंवा 'नाईन इन वन' म्हणतात ती हीच. यात एक फायदा सहसा कोणी सांगत नाही. या एकत्र लसीत ॲडिनो आणि पॅराइन्फ्लुएन्झा या विषाणूंवरचा भागही बहुधा असतो. म्हणजे केनेल कफच्या काही जंतूंवरचे थोडे संरक्षण तुमच्या कुत्र्याला तिथेच मिळून जाते. तिच्यात लेप्टोचा भागही असतो. उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टो माणसांना आणि कुत्र्यांना दोघांनाही होतो, आणि पाणी तुंबणाऱ्या वस्त्यांना तो ओळखीचा आहे. लस घेताना बाटलीवर काय लिहिले आहे ते डॉक्टरांना वाचून दाखवायला सांगा.

तिसरी, बोर्डेटेलाची, म्हणजे केनेल कफची वेगळी लस. कुत्रा गावी जाताना दुसरीकडे ठेवायला द्यावा लागत असेल, घरात चार-पाच कुत्री असतील, कोणी पिल्लांची विक्री करत असेल किंवा कुत्रा म्हातारा-अशक्त असेल, तर ही लस जरूर घ्यावी. ठेवायला द्यायचा असेल तर आदल्या दिवशी देऊन भागत नाही. आठवडाभर आधी द्या, आणि टोचायची असेल तर त्याच्याही बरेच आधी. एरवी घराच्या दारातच राहणाऱ्या, धडधाकट कुत्र्याला पहिल्या दोन लसी वेळेवर मिळत असतील, तर या तिसरीसाठी उसने पैसे काढण्याची गरज नाही. आणि पहिल्या दोन लसी न देता फक्त ही तिसरी देणे म्हणजे घराला कडी न लावता खिडकीला पडदा लावणे.

वय आणि तारखा

आईच्या चिकातून पिल्लाला काही आठवड्यांचे संरक्षण मिळते. ते संरक्षण असेपर्यंत लस नीट लागू होत नाही, आणि ते कधी ओसरेल हे प्रत्येक पिल्लात वेगळे असते. म्हणून एकच डोस देऊन चालत नाही. एकत्र लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू करून, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, पिल्लू चार महिन्यांचे होईपर्यंत देतात. रेबीजची लस तीन महिने पूर्ण झाल्यावर देतात. पुढचा डोस कधी, ते डॉक्टर कार्डावर लिहितात. त्यानंतर आपल्याकडे दर वर्षी एक डोस घेण्याची पद्धत आहे आणि ती पाळावी.

बाळाचे लसीकरणाचे कार्ड जसे आपण कपाटात जपून ठेवतो, तसेच कुत्र्याचे कार्ड ठेवा. त्यावर तारीख, लसीचे नाव, बाटलीवरचे लेबल आणि डॉक्टरांची सही हवी. "मागे कधीतरी दिली होती" याला कार्ड म्हणत नाहीत.

लस २ ते ८ अंश तापमानातच टिकते. आरोग्यसेविका पोलिओची लस बर्फाच्या डब्यातून आणते ते याचसाठी. कोणी पिशवीतून, खिशातून लस आणून दारात टोचून देत असेल तर नको म्हणा. गरम झालेली लस दिसायला तशीच दिसते, पण ती पाणी टोचल्यासारखी आहे. आपण निर्धास्त राहतो आणि संरक्षण काहीच नसते.

लस देण्याआधी जंताचे औषध दिलेले असावे आणि कुत्रा निरोगी असावा. लस दिल्यावर अर्धा तास दवाखान्याजवळच थांबा. तोंड सुजले, अंगावर गांधी आल्या किंवा सारख्या उलट्या झाल्या तर लगेच डॉक्टरांना दाखवा. असे क्वचितच होते. एखादा दिवस सुस्ती आणि टोचल्याजागी दुखणे मात्र नेहमीचे आहे.

खोकणाऱ्या कुत्र्याची घरी काळजी

आठवडा-दोन आठवडे त्याला इतर कुत्र्यांपासून वेगळे ठेवा. पाण्याचे भांडे वेगळे. गळ्यात पट्टा असेल तर काढा किंवा छातीला बांधायचा पट्टा वापरा, कारण गळा दाबला की उबळ येते. धावपळ कमी करा. चुलीचा, कचरा जाळल्याचा, विडी-सिगारेटचा आणि डासांच्या कॉइलचा धूर त्याच्यापासून दूर ठेवा. खाणे मऊ आणि ओलसर द्या. त्याला हात लावल्यावर साबणाने हात धुवा, विशेषतः दुसऱ्या कुत्र्याला हात लावण्याआधी.

माणसांचे औषध देऊ नका. घरातली खोकल्याची बाटली, तापाची गोळी, दुखण्याची गोळी यांपैकी काहीही नको. माणसांची दुखण्याची काही औषधे कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला घातक ठरतात. मागच्या वेळच्या अँटिबायोटिकच्या उरलेल्या गोळ्याही नकोत. सौम्य केनेल कफला अँटिबायोटिक लागतेच असे नाही आणि कधी लागते ते डॉक्टर ठरवतील.

पिल्लू खोकत असेल, श्वास भरभर चालत असेल, खाणे सुटले असेल, ताप असेल किंवा दोन आठवड्यांनंतरही खोकला थांबत नसेल, तर दवाखान्यात न्या. जिल्हा आणि तालुक्याच्या ठिकाणी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने आहेत. मुंबईकरांना परळचे 'बैलघोडा हॉस्पिटल', म्हणजे बाई साखरबाई दिनशा पेटिट जनावरांचे रुग्णालय, माहीत आहेच. मात्र खोकणारा कुत्रा घेऊन थेट रांगेत बसू नका. आधी आत जाऊन सांगा, कुत्र्याला बाहेर थांबवा.

माणसांना होतो का

धडधाकट माणसाला कुत्र्याच्या या खोकल्याची भीती नाही. ज्यांची प्रतिकारशक्ती फार कमी झालेली आहे, त्यांच्यात बोर्डेटेला ब्राँकिसेप्टिकाचा संसर्ग क्वचित आढळलेला आहे. एचआयव्हीचे रुग्ण, कॅन्सरची औषधे घेणारे, अवयव बदललेले रुग्ण घरात असतील, तर त्यांनी खोकणाऱ्या कुत्र्यापासून लांब राहावे. नाकातली लस देताना कुत्र्याला धरण्याचे कामही त्यांना देऊ नये.

लहान मुलांचा डांग्या खोकला हा या जंतूच्या भावकीतल्या जंतूमुळे होतो, पण तो कुत्र्याकडून येत नाही. तो माणसाकडून माणसाला होतो. त्यावरची लस बाळाला दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना पेंटाव्हॅलंटमधून मिळते. पुढचे डोस १६ ते २४ महिन्यांत आणि ५ ते ६ वर्षांच्या वयात असतात. कुत्र्याच्या लसीचा विचार करणाऱ्या घराने बाळाचे कार्डही आजच एकदा काढून पाहावे. पहिले तीन डोस होतात, पण पाच वर्षांचा डोस पुष्कळ घरांत राहून जातो.

दुसऱ्यांची कुत्री सांभाळणाऱ्या भगिनींसाठी

आपल्या वस्त्यांतल्या कित्येक बाया-मुली आणि तरुण मुले सोसायट्यांमध्ये कुत्री फिरवतात, त्यांना आंघोळ घालतात, कुत्री ठेवायच्या जागी झाडलोट करतात. सफाई कामगारांना तर पहाटेच्या अंधारात कुत्र्यांच्या तोंडी जावे लागते. यांच्यासाठी तीन गोष्टी.

एक, कामावरचा कुत्रा खोकत असेल तर घरी येऊन आपल्या कुत्र्याला हात लावण्याआधी हात-पाय धुवा आणि कपडे बदला. खोकला आपल्याच हातांनी घरी येतो.

दोन, काम धरतानाच मालकिणीला कुत्र्याचे कार्ड दाखवायला सांगा. यात संकोच कसला? चावले तर आपल्याला चावणार आहे. रेबीजच्या लसीची तारीख उलटून गेली असेल तर ती आधी द्यायला सांगण्याचा आपल्याला हक्क आहे.

तीन, ज्यांचा रोजचा संबंध अनोळखी कुत्र्यांशी येतो, त्यांना चावण्याआधीच घ्यायची रेबीजची लस असते. पशुवैद्यकीय दवाखान्यातले कामगार, कुत्री पकडणारे, कुत्री सांभाळणारे यांनी डॉक्टरांना त्याबद्दल विचारावे. ठेकेदाराकडे किंवा संस्थेकडे कामाच्या सुरक्षेचा भाग म्हणून ती मागावी. आधी लस घेतलेली असली तरी चावल्यावर जखम धुणे आणि दवाखान्यात जाणे चुकत नाही.

चावले तर

कुत्रा चावला, दाताचा ओरखडा उठला, जखमेवर चाटला किंवा लाळ डोळ्यात-तोंडात गेली, तर लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे जखम धुवा. १५ मिनिटे म्हणजे घड्याळ लावून १५ मिनिटे. डोळ्यात लाळ गेली असेल तर साबण न लावता नुसत्या पाण्याने धुवा. हळद, चुना, तिखट, तेल, पेट्रोल काहीही लावू नका. घट्ट पट्टी बांधू नका. नंतर त्याच दिवशी सरकारी किंवा महानगरपालिकेच्या रुग्णालयात जा. तिथे रेबीजची लस मोफत मिळते.

पोटात १४ इंजेक्शने टोचायची पद्धत केव्हाच बंद झाली. आता लस दंडात देतात. कातडीत द्यायच्या पद्धतीत ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी, आणि स्नायूत द्यायच्या पद्धतीत ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी. रक्त आले असेल, किंवा लाळ फाटलेल्या कातडीवर, डोळ्यात, तोंडात गेली असेल, तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही लागते. जखम असेल तर ते जखमेच्या आत आणि भोवती टोचतात. लसीला काम सुरू करायला दिवस लागतात, तोपर्यंत हे औषध आड उभे राहते. जखम असूनही फक्त दंडात सुई देऊन घरी पाठवले तर विचारा, "इम्युनोग्लोब्युलिन लागते का? इथे नसेल तर कुठे मिळेल?" चिठ्ठी लिहून घ्या. धनुर्वाताचे इंजेक्शन वेगळे आहे, ते घेतले म्हणजे रेबीजचे झाले असे नाही.

चावलेल्या कुत्र्यावर १० दिवस लक्ष ठेवतात. पण १० दिवस वाट पाहून मग लस घेणे हा मार्ग नाही. लस आजच सुरू करायची. "पिल्लूच तर होते", "घरचाच तर आहे" म्हणून थांबू नका. पिल्लालाही रेबीज होतो. मुले चावा लपवतात, मार बसेल म्हणून. घरात सांगून ठेवा की कुत्रा चावला तर कोणी रागावणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीप्रमाणे रेबीजने मरणाऱ्यांत सुमारे ४० टक्के १५ वर्षांखालची मुले असतात.

गल्लीतल्या कुत्र्यांचे काय

घरच्या कुत्र्याला लस दिली आणि गल्लीतली वीस कुत्री तशीच राहिली, तर काम अर्धे राहिले. एखाद्या भागातल्या सुमारे ७० टक्के कुत्र्यांना दर वर्षी रेबीजची लस मिळत राहिली, तर रेबीजची साखळी तुटते, हे जगभरच्या अनुभवातून सिद्ध झाले आहे. आपल्या शेजारच्या गोव्यात तेच केले गेले. राज्य सरकार आणि मिशन रेबीज या संस्थेने गावोगाव फिरून, जाळीने पकडून, दर वर्षी कुत्र्यांना लस दिली. शाळांमध्ये मुलांना शिकवले. २०१८, २०१९ आणि २०२० या तीन वर्षांत तिथे माणसाचा रेबीजने मृत्यू नोंदला गेला नाही, आणि २०२१ मध्ये गोवा रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले. म्हणजे हे होऊ शकते.

केंद्र सरकारच्या २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि रेबीजचे लसीकरण ही महानगरपालिका, नगरपालिका, ग्रामपंचायत यांची जबाबदारी आहे. नसबंदी झालेल्या कुत्र्याच्या कानाला इंग्रजी व्ही आकाराचा छोटा काप असतो. तुमच्या गल्लीत अशी किती कुत्री दिसतात, आज संध्याकाळी मोजा. एकूण किती, काप असलेली किती, पिल्ले किती. हे आकडे घालून, वीस-पंचवीस घरांच्या सह्या घेऊन, वॉर्ड ऑफिसला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी तक्रार कागदावर राहत नाही. कान कापलेला असला तरी रेबीजचा डोस पुन्हा लागतो, हेही अर्जात लिहा. कुत्र्यांना विष घालणे किंवा मारणे हा उपाय नाही. ते बेकायदा आहे, आणि जागा रिकामी झाली की लस नसलेली नवी कुत्री तिथे येतात.

घरच्या कुत्र्यांसाठी शिबिर घेता येते. रेबीजच्या लसीची १० डोसची बाटली मिळते आणि उघडलेली बाटली ठेवून देता येत नाही. त्यामुळे दहा घरे एकत्र आली तर प्रत्येकाला ती स्वस्त पडते. महिला मंडळाने नावे लिहून घ्यावीत, सरकारी पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना पत्र द्यावे, विहाराच्या आवारात किंवा समाजमंदिरासमोर सकाळची वेळ ठरवावी. २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिवस असतो. त्या सुमारास अनेक दवाखाने आणि पशुवैद्यकीय महाविद्यालये मोफत शिबिरे घेतात, म्हणून पत्र जुलै-ऑगस्टमध्येच जाऊ द्या. शिबिराच्या सूचनेत एक ओळ ठळक लिहा: खोकणारा कुत्रा आणू नये, त्याचे नाव नोंदवावे. नाहीतर रेबीजची लस घ्यायला आलेली कुत्री केनेल कफ घेऊन घरी जातील.

हे वाचून झाल्यावर घरातले कार्ड शोधा. कार्ड नसेल तर या आठवड्यात रेबीजची लस, महिन्याभरात एकत्र लस, आणि त्यानंतर गरज असेल तर केनेल कफची. शेजारच्या घरात कुत्रा असेल आणि तिथे कोणी वाचणारे नसेल, तर हा क्रम त्यांना वाचून दाखवा.